उजव्या अंगाला

"अहो, हे काय करून आलात?"

दार उघडलं आणि माझा पिठाचा हात तसाच कडीवर राहिला. दारात आमचे हे उभे. डोक्याचा गोटा केलेला, चकाचक. बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण मिशीही गायब! लग्नापासून हा माणूस मी बिनमिशीचा पाहिला तो एकदाच, सासरे गेले तेव्हा.

"उद्या डोक्याचा काम ना," हे शांतपणे चपला काढत म्हणाले. "थंय हास्पिटलात कोण खंयचो न्हावी येतलो, कसोय वस्तरो मारतलो. म्हटलंय, आपल्या सलूनवाल्याकडसून नीट करून घेवया."

"आणि मिशी?"

"ती मी सांगूक नाय. त्यानंच सवयीन काढल्यान. माका वाटला, कल्ले साफ करता."

घ्या! आता आमच्या कोकणातल्या लोकांत गोटा आणि वर मिशीही उडवलेली म्हणजे काय, ते सांगायला नको. घरातलं कुणीतरी वडीलधारं गेलं. आणि आमच्या घरात वडीलधारं माणूस उरलंय एकच, गावाला असलेली माझी सासू. हे सलूनमधून निघाले ते दिंडोशीच्या आमच्या अख्ख्या कॉलनीतून, सकाळच्या उजेडात, सगळ्यांच्या देखत चालत आले होते. वाट लागली, म्हटलं.

पहिला आला राजेश, आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. हातात रुमाल, चेहरा पाडलेला. "वहिनी, कधी झालं? कळवायचं ना यार. आम्ही काय परके आहोत?" मी तोंड उघडेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बायका थर्मास घेऊन आत. एक माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मरण झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्यांनी पिठलं-भात आणायचा अशी आमच्याकडे रीत. दुपारच्या आत माझ्या ओट्यावर पिठल्याची तीन पातेली. मी घसा फोडून सांगतेय, "अगं बायांनो, कुणी गेलं नाहीये!" तर त्या म्हणतात, "रडून घे गं, मन मोकळं कर."

तेवढ्यात गावाहून फोन. कुणीतरी तिकडेही कळवलं होतं. मी स्पीकरवर टाकला. पलीकडून सासूबाईंचा आवाज, खणखणीत.

"गो शेवंते! मी जिती आसंय! आताच पेज जेवलंय! कोणी मारल्यान माका?"

आणि मग सगळे जे हसले म्हणता! राजेश तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता, त्याच रुमालाने. सगळं घर हसत होतं. फक्त हे तेवढे सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. फोन माझ्या हातात, यांच्या डाव्या बाजूला. यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

मी उठले, दुसऱ्या बाजूला गेले आणि फोन यांच्या उजव्या कानाला लावला. ऐकलं, आणि मग हे हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच.

ही डाव्या-उजव्याची गोष्ट आमच्या लग्नाआधीची. यांना सात वर्षांचे असताना गालगुंड झालं आणि डावा कान गेला. कायमचा. मला बघायला आले तेव्हा बाकी कुणाला काही न सांगता यांनी मलाच सरळ सांगून टाकलं, "माका डाव्या कानान आयकाक येणा नाय. पण उजव्या अंगाक बसलंस तर सगळा आयकान." मी मनात म्हटलं, बाईला 'तुझं सगळं ऐकेन' असं सांगणारा पुरुष या पृथ्वीवर दुसरा कुठे मिळायचा? मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

तेव्हापासून माझी जागा ठरलेली. लोकांच्या बायका नवऱ्याच्या डाव्या अंगाला शोभतात, मी उजव्या. बसमध्ये उजवीकडे, लग्नाकार्यात उजवीकडे, झोपतानाही उजवीकडे. आणि मी बोलते फार, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. सासूबाई मला रेडिओ म्हणतात. अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा दिवसभर पोरांशी बोलायची आणि घरी येऊन यांच्याशी. यांची नोकरी उलटी. दिंडोशीच्या कोर्टात शिपाई. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. "हाजिर हो!" केलं की जिन्याखाली चहा पिणारा माणूस कप टाकून धावत यायचा. एवढा यांचा आवाज. तो सगळा तिकडे संपवून यायचे आणि घरी फक्त "हं". पण ते "हं" कसं? बरोबर जागेवर पडणारं. मी राजेशच्या बायकोचं काही सांगत असले की "हं" वेगळं, देवेशच्या शाळेचं सांगत असले की वेगळं. माझं बोलणं त्या "हं"वर उभं होतं हो. नुसतं बोलायला काय, भिंतीशीही बोलता येतं.

मग त्या गोट्याच्या दोनेक वर्षं आधी ते "हं" घसरायला लागलं. मी म्हटलं, "गॅस संपला, मधेच." हे म्हणाले, "झकास!" मी भांडले. मला वाटलं, इतर नवऱ्यांसारखाच हाही एकदाचा निघाला. मग हे म्हणायला लागले, कानात कुकरची शिट्टी वाजते. मग कोर्टाच्या जिन्यावर झोकांडी गेली. देवेश, आमचा मुलगा, मुलुंडला असतो, तो रजा टाकून आला आणि तपासण्या केल्या. ऐकण्याच्या नसेवर गाठ. वाटाण्याएवढी. कॅन्सर नव्हे, जिवाला धोका आज तरी नाही. पण उजव्या बाजूला.

मी देवाला फार बोलले त्या दिवशी. म्हटलं, तुला डावा कान दिसला नाही? तो रिकामाच पडला होता ना!

पहिले डॉक्टर म्हणाले, कवटी उघडून गाठ काढता येईल, पण त्यात ऐकू येणं जाणार, हे धरूनच चला. मग सहा महिने वाट पाहायची ठरली. पुन्हा फोटो काढला, तर वाटाण्याचा छोला झाला होता. तेव्हा आम्हाला अंधेरीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर केयूरांकडे पाठवलं. पोरगेलासा माणूस, पण खुर्ची उचलून यांच्या उजव्या बाजूला आणून बसला. तिथेच मला तो आवडला.

"काका, कापायचं काही नाही," तो म्हणाला. "बाहेरून किरणं सोडायची, नेमकी गाठीवर. एका बैठकीत काम. दुसऱ्या दिवशी घरी."

"मग गाठ बाहेर कशी येते?" मी विचारलं.

"येत नाही, काकू. तिथेच राहते. तिची फक्त वाढ थांबवायची."

यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तडीपार नाय. स्टे!"

डॉक्टर खळखळून हसला. "अगदी! कायमचा स्टे मिळावा, असा प्रयत्न."

"आणि कान?" मी विचारलं. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

डॉक्टर हसायचा थांबला. "खोटं सांगत नाही. काही केलं नाही तर कान हळूहळू जाणारच. हे केलं तर टिकायची बऱ्यापैकी आशा आहे. पण वचन देत नाही. काहींचा टिकतो, काहींचा वर्षा-दोन वर्षांत उतरत जातो. काकांना एकच कान आहे, म्हणून आम्ही जास्तच जपून करू."

एकच कान. तो गेला की हा माणूस घरात असेल, जेवेल, पेपर वाचेल, आणि मी त्याच्याशी काय खुणा करत बसू? मी? बाकीच्यांना वाटत होतं, शेवंतीला नवऱ्याच्या डोक्याची भीती वाटतेय. मला माझ्या बोलण्याची भीती वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं, त्याच्याच कानाची तर भीती.

तर, गोट्याच्या दिवसाकडे येते. सगळे हसले, मग सगळ्यांना खरं काय ते सांगावं लागलं. आम्ही कॉलनीत कुणालाच कळू दिलं नव्हतं. ऐकून राजेश गंभीर झाला. म्हणाला, "सगळे जमलेच आहेत, पिठलंही भरपूर आहे. संध्याकाळी गाऱ्हाणं घालू."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. एक जण मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या मजल्यावर गणपती असो, कुणाच्या पोराची परीक्षा असो, नवीन रिक्षा असो, गाऱ्हाणं घालायचे ते आमचे हेच. आता यांच्यासाठी कोण घालणार? राजेशने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकला. तरुण पोरं मोबाईलमध्ये शोधायला लागली. शेवटी हेच उठले. दिवा, नारळ, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि त्याच्यासमोर हा माझा गोटा केलेला नवरा, स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायला उभा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या डोक्यात जो काय गाठीचो गुंतो झालो हा, तो आसा थंय थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्टराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग हे थांबले. मला वाटलं, संपलं. मी अक्षतांचं तबक उचललं. तर कोर्टातला तो आवाज घरात पहिल्यांदा निघाला.

"आणि ह्या माझ्या बायलेचा बोलणा शेवटपर्यंत माझ्या कानात ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

मागून राजेशचं हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग दाराबाहेरच्या पॅसेजपर्यंत जमलेलं सगळं घर गरजलं, "व्हय म्हाराजा!" भिंती हलल्या असतील. माझ्या हातातल्या अक्षता कधी सांडल्या, मला कळलं नाही. हा माणूस कधी 'साडी छान आहे' म्हणाला नव्हता हो. आणि चारचौघांत देवाकडे मागून मागितलं काय, तर माझी बडबड!

दुसऱ्या दिवशी देवेशने आम्हाला हॉस्पिटलात नेलं. नर्स यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, केस कशाला काढले? याला केस काढायची गरजच नसते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "ऱ्हवांदे," हे म्हणाले, "वारो लागता."

आधी डोक्याला एक धातूची चौकट बसवतात. चार ठिकाणी सुन्न करण्याचं इंजेक्शन देतात आणि चार स्क्रूंनी ती पक्की करतात, म्हणजे डोकं केसाएवढंही हलत नाही. मला बाहेर बसवलं होतं. हे चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. डोक्याभोवती ती चौकट, कपाळावर स्क्रू, मिशी नाही. रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी म्हटलं, "अहो, बाशिंग बांधून कुठे? दुसरं लग्न करताय की काय?"

"परत तुझ्याचवांगडा," हे म्हणाले. माझ्याशीच म्हणे, परत!

त्या चौकटीसकट यांचा पुन्हा फोटो काढला. मग बराच वेळ काही नाही. देवेश फोनवर ऑफिसचं काम करत होता. मी आत डोकावले. डॉक्टर केयूर आणि गार्गी नावाची एक मुलगी पडद्यासमोर बसले होते. किरणं कुठून, किती आणि किती वेळ सोडायची, त्याचा सगळा हिशेब ती करत होती. मी दारात घुटमळतेय हे पाहून तिने मला आत बोलावलं.

"काकू, बघायचंय?"

पडद्यावर यांच्या डोक्याचं आतलं दिसत होतं. करडं, शांत, पाण्याखाली असल्यासारखं. तिने एक पांढरा ठिपका दाखवला. "ही गाठ." मी त्या गाठीला मनात शिवी हासडली. मग तिने शेजारचं एक बारीकसं वेटोळं दाखवलं. गोगलगायीचा शंख असतो ना, पावसाळ्यात गावाला कुंपणावर, तसं. पण किती लहान!

"आणि हे काकांचं ऐकण्याचं यंत्र. आवाज इथे पोहोचतो आणि या नसेतून पुढे मेंदूत जातो. याच्यावर किरणं कमीत कमी पडावीत म्हणून आमची एवढी खटपट चाललीय."

मी बघत राहिले. माहेरच्या तक्रारी, देवेशचे दात, शेजारणींच्या कागाळ्या, रात्री अंधारात कुजबुजलेलं, भांडणात ओरडलेलं, लग्नापासून मी या माणसाशी जे जे बोलले, ते सगळं या एवढ्याशा शंखातून आत गेलं होतं! दुसरी वाटच नव्हती त्याला. मी पडद्याला हात लावणार होते. गार्गीने काही म्हटलं नाही. मीच मागे घेतला.

"आणि किरणं मधल्या भागाला भाजत नाहीत?"

"तीच तर गंमत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. रोज करते ते काम, तरी चमकत होते. "एक मोठं किरण नसतंच, काकू. जवळजवळ दोनशे बारीक किरणं असतात, सगळ्या बाजूंनी येणारी. एकेक इतकं अशक्त की वाटेत त्याच्याने काही होत नाही. पण सगळी एका बिंदूवर भेटतात. आणि फक्त तिथेच, ती सगळी मिळून काम करतात."

मी ओरडलेच. "म्हणजे व्हय म्हाराजा!"

"काय?"

मी तिला गाऱ्हाणं सांगितलं. कालचं सगळं सांगितलं, गोट्यापासून पिठल्यापर्यंत. एकटा राजेश म्हणाला तर पुटपुटल्यासारखं, पण सगळ्यांचं एका जागी पडलं की भिंत हलते, तेही सांगितलं. शेवटची मागणी मात्र सांगणार नव्हते, पण तीही तोंडातून गेली. गार्गी हिशेब सोडून ऐकत होती. डॉक्टरही.

दुपारी यांना यंत्रात घ्यायची वेळ झाली. पांढरी मोठी घुमटी, समोर लांब पलंग. चौकट पलंगाला अडकवली. गार्गीने यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "काका, आत एकटेच असाल. तासभर लागेल. गाणी लावू? भजन? आत स्पीकर आहे."

"गाणी नको," हे म्हणाले. "हिका बोलांदे."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, गार्गीकडे पाहिलं आणि माईक माझ्यापुढे सरकवला. "बोला, काकू. फक्त त्यांना हसवू नका. आणि काका, तुम्ही बोलायचं नाही, शांत पडायचं."

जाडजूड दार बंद झालं. पडद्यावर हे दिसत होते, पलंगावर आडवे, छातीपर्यंत चादर. पलंग हळूच आत सरकला. गार्गी म्हणाली, "सुरू झालं."

आणि काही झालं नाही! आवाज नाही, उजेड नाही, धूर नाही. मला वाटलं होतं, काही तरी कडाडेल. दोनशे बाजूंनी किरणं माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून जात होती, हाडातून, मेंदूतून, कशालाही न दुखवता, आणि त्या छोल्याएवढ्या जागी एकमेकांना भेटत होती, आणि माझ्या डोळ्यांना दिसत होती ती फक्त चादर आणि यांची पावलं. मी देवळात पुष्कळ वेळा उभी राहिलेय. एवढी गप्प कधी झाले नव्हते. माईक समोर होता आणि मला, शेवंती परबला, रेडिओला, एक शब्द सुचेना.

"काकू," गार्गी हळूच म्हणाली. "वाट बघतायत ते."

पडद्यावर यांचा उजवा हात चादरीबाहेर आला होता. एक बोट वर झालं. खाली आलं. पुन्हा वर झालं. "हं" म्हणता येत नव्हतं ना. मान हलवता येत नव्हती. हा यांचा "हं" होता. बोल म्हणत होते.

"अहो," मी म्हटलं. "अहो, ते पिठलं अजून एक पातेलं उरलंय."

बोट वर.

"तुमच्या आईचा सकाळी परत फोन होता. विचारत होत्या, बाराव्याला काय करणार आहात म्हणून. चेष्टा करतायत. या वयात!"

बोट वर, आणि जरा हललं. हसू आवरत होते. डॉक्टरने मला डोळ्यांनी दटावलं. मग मी सुटले. अंगणवाडीतल्या बाईंचं सांगितलं, देवेशच्या नव्या घराचं सांगितलं, राजेशच्या बायकोने तिच्या जावेला काय उत्तर दिलं ते सुरू केलं. पलंग मधूनमधून तसूभर सरकायचा, गार्गी पडद्यावर काही बघायची, आणि यांचं बोट बरोबर जागेवर वर जायचं, एकदाही चुकलं नाही. मी बोलत होते आणि त्याच वेळी त्याच शंखाच्या शेजारी ते सगळं चाललं होतं. ते काय होतं, मला आजही नीट सांगता येत नाही. मी हात जोडून बोलत होते, एवढं खरं.

"झालं," गार्गी म्हणाली.

चौकट काढली. चार छोट्या पट्ट्या, बस्स. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हे पहिलं काय म्हणाले असतील? "ता राजेशच्या बायकोचा अर्धाच ऱ्हवला. मगे काय म्हणाली ती?"

पुढचं थोडक्यात सांगते. म्हणजे, प्रयत्न करते. सहा महिन्यांनी फोटो काढला तर गाठ जरा फुगलेली. डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका, आधी अशी फुगते कधी कधी. वाट बघू." मधल्या काळात मिशी परत आली, आधीपेक्षा पांढरी. हे रिटायर झाले. कोर्टात निरोपाला वकिलांनी आग्रह केला म्हणून यांनी एकदा शेवटचा पुकारा केला, स्वतःच्याच नावाचा. पुढच्या वर्षीच्या फोटोत गाठ आकसलेली, आणि तिच्या मधोमध काळा डाग.

"आतून मेलीय," डॉक्टर म्हणाला. "स्टे मिळाला, काका."

मी त्या काळ्या डागाला तिथेच डॉक्टरच्या खोलीत नमस्कार केला. जिथे भेटायला सांगितलं होतं, बरोबर तिथेच भेटली होती सगळी किरणं. त्या मुलीला, गार्गीला, मी मिठी मारली. ती बिचारी कॉफी पीत होती.

कानाची तपासणी झाली. डॉक्टरने कागद बराच वेळ पाहिला. "थोडं उतरलंय," तो म्हणाला. "गाठीने आधी जेवढं नेलं, त्याहून थोडं जास्त. पण बोलणं कळेल. जवळून बोला, सावकाश बोला."

यांनी लगेच सांगितलं, "माका सगळा आयकाक येता."

"घरी कसं काय?" डॉक्टरने मला विचारलं.

"एकदम झकास," मी म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. कारण मी बोलत होते आणि बोट वर जात होतं. यंत्रातून आल्यापासून यांना ती सवयच लागली होती. तोंडाने "हं" म्हणायच्या ऐवजी उजव्या हाताचं एक बोट.

गेल्या रविवारची गोष्ट. बांगडे ताजे मिळाले होते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी विळी घेऊन बसले होते. हे खिडकीत, माझ्याकडे पाठ करून, पेपर उघडून. मी सांगत होते वर्सोव्याच्या कोळणीचं, कशी ती मला 'बाय, तुझ्यासाठी लपवून ठेवलं' म्हणते आणि मग सगळ्यांनाच तसं म्हणते. पेपरच्या कडेवर यांचं बोट वर गेलं. मी देवेशकडच्या बातम्यांवर आले. बोट वर गेलं. मग बांगड्याच्या परांचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला आणि मी अंगठा तोंडात घातला. बोलणं थांबलं.

बोट वर गेलं.

मला वाटलं, मागच्याच बोलण्याचं असेल. मी गप्प राहिले. फक्त नळ ठिबकत होता. थोड्या वेळाने पुन्हा बोट वर गेलं, सावकाश, अगदी जिथे माझं वाक्य संपलं असतं त्या सुमाराला. मग हातातलं पान उलटलं. मग पुन्हा बोट. मी काहीच बोलत नव्हते हो. मी अंगठा तोंडात धरून त्या पाठीकडे बघत होते, आणि हा माणूस मला "हं" देत होता.

किती दिवस झाले असतील? मला ओरडावंसं वाटलं, जवळ जाऊन हलवावंसं वाटलं, रडावंसं तर वाटलंच. मी यातलं काही केलं नाही. हात धुतले. विळी उचलली, बांगड्यांची परात उचलली, आणि खिडकीत जाऊन यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून बसले.

यांनी पेपर खाली केला. "काय गो? हय कित्याक इलंस?"

"तिथे वारा नाही," मी म्हटलं.

मान वर केली, यांच्या कानाशी तोंड नेलं आणि कोळणीपासून सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली. जवळून. सावकाश.

"हं," हे म्हणाले. तोंडाने.